प्रार्थनेचा विषय

सिस्टरला किळस म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं तिच्या जुन्या वॉर्डातले लोक म्हणायचे. वीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई. चिघळलेल्या जखमा, ओकाऱ्या, बेडपॅन, काय नाही पाहिलं तिनं! बाकीच्या नाकाला रुमाल लावून पळायच्या तिथं ही बाह्या सारून पुढं व्हायची, आणि हात धुऊन त्याच पावली डबा उघडून बसायची. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात शिकायला आली, तेव्हा मैत्रिणींनी वेड्यात काढलं. पण तिचं गणित साधं होतं. औषधं संपतात तेव्हा डॉक्टर निघून जातात, आणि नातेवाईक खिडकीबाहेर बघत बसतात. त्या वेळी माणसापाशी बसायला कुणीतरी हवं. ते काम नीट शिकून करावं, इस्पितळातली पाळक व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं.

महाविद्यालय लहानसं. साठ-पासष्ट विद्यार्थी, दगडी चॅपल, दोन मजली वसतिगृह, एक मोठी जेवणघराची खोली. सकाळी सगळ्यांची मिळून उपासना, मग वर्ग, सगळ्यांचं एका पंगतीला जेवण, आणि भांडी पाळीपाळीनं. सगळे तिला सिस्टरच म्हणत, वयानं आणि पेशानं. वयामुळं तिला पाठांतर जड जायचं, पण हिब्रूच्या बाईंचा तास तिला फार आवडायचा. या बाई काटकुळ्या, फटकळ, रिटायर व्हायला आलेल्या. बायबलमधली एकेक ओळ त्या भिंगाखाली धरल्यासारखी वाचायच्या. "मजकुरात आहे तेवढंच वाचा," त्या म्हणायच्या. "पदरचं घालायची खोड मोडा. देवाला तुमच्या फोडणीची गरज नाही."

आणि दुसरे होते डीन. प्रवचन कसं करावं ते ते शिकवत. आवाज असा, की ऐकणाऱ्याच्या अंगावरून मोरपीस फिरावं. मुलं मागून त्यांना लोणीसर म्हणायची. सिस्टरला ते नाव आधी चावट वाटलं होतं. तिला लोणीसर मनापासून भले वाटत.

दर बुधवारी दुपारी सहा-सहा जणांचे गट बसत. सिस्टरच्या गटाचे प्रमुख लोणीसर. गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे एक स्टूल, त्यावर बायबल. लोणीसर बायबलवर तळहात ठेवून म्हणत, "इथं बोललेलं इथंच राहतं. आपण इथं एकमेकांचे प्रार्थनेचे विषय वाहून घ्यायला जमतो." मग ते आधी स्वतःचं सांगत. त्यांची मुलगी चार वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. ते तिला पत्रं लिहीत, ती न फोडता परत येत. परत आलेली पत्रं त्यांनी टेबलाच्या खणात जपून ठेवली होती. सांगताना त्यांचे डोळे भरून आले, आणि सगळा गट विरघळला.

त्या विरघळण्यातच सिस्टर बोलून गेली. बारा वर्षं कुणाला न सांगितलेलं बोलली.

तिची आई अर्धांगवायूनं तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. दादा लांबच्या शहरात. वॉर्डातली ड्युटी संपवून घरी आलं की सिस्टरची दुसरी ड्युटी सुरू व्हायची. एका दुपारी ती पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या खोलीच्या दारात आली, आणि पाहते तर आईच्या घशात कफ अडकलेला, जीव घुसमटतोय. कफ ओढायचं यंत्र कोपऱ्यात होतं. चार पावलांवर.

"आणि मी थांबले," सिस्टर खाली बघत म्हणाली. "मनात आलं, सुटू दे. तीही सुटेल, मीही सुटेन. अर्धा मिनिट असेल. मग मी धावले, कफ काढला. आई सावरली. पुढं दोन महिन्यांनी गेली, झोपेतच. पण त्या अर्ध्या मिनिटात ती माझ्याकडे बघत होती. तेवढं काही डोक्यातून जात नाही."

शेजारी तिची खोलीतली जोडीदारीण बसली होती, चॅपलमध्ये पियानो वाजवायची ती पोरगी. तिनं सिस्टरचा हात धरला. लोणीसरांनी हळू आवाजात प्रार्थना केली. त्या आठवड्यात सिस्टरला वाटलं, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवलाय. जेवण गोड लागायला लागलं.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी बाहेरच्या चर्चमंडळ्यांमधून पाहुणे आले होते. चॅपल खचाखच भरलं होतं, मागं कॅमेरा लावला होता, कारण उपासना महाविद्यालयाच्या चॅनेलवर जाणार होती. संदेश लोणीसरांचा, विषय अपराध आणि क्षमा. पहिली दहा मिनिटं झाली, आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"एक परिचारिका होती," ते म्हणाले. "शेकडो रोग्यांचे प्राण वाचवलेली. पण घरी तिची म्हातारी आई अंथरुणावर पडून होती. एका दुपारी आईचा श्वास अडकला. यंत्र चार पावलांवर. आणि बंधुभगिनींनो, ती लेक दारात उभी राहिली. पाहत राहिली. आईचे डोळे लेकीकडं लागलेले..."

लोणीसर थांबले. थांबायचं कुठं हे त्यांना फार छान कळायचं.

"...आणि त्या माउलीनं लेकीच्या डोळ्यांदेखत प्राण सोडला."

पुढच्या बाकावरच्या पाहुण्या बाईंनी रुमाल काढला. मागच्या बाकांवरून चुकचुकल्याचे आवाज आले. मग एकेक मान वळायला लागली. नाव त्यांनी घेतलं नव्हतं, आणि घ्यायची गरजही नव्हती. अख्ख्या महाविद्यालयात परिचारिका एकच. आंधळ्यालाही कळलं असतं.

सिस्टरच्या तोंडाला पाणी सुटलं. हे कसलं पाणी ते तिनं इतरांच्या बाबतीत हजारदा पाहिलं होतं, ट्रे घेऊन धावली होती. आज ट्रे धरायला कुणी नव्हतं. ती बाक धरून उठली, बाजूच्या दारानं बाहेर पडली आणि माळ्याच्या नळापाशी वाकून भडाभडा ओकली. आत लोणीसरांचा आवाज चालूच होता. आता ते क्षमेवर आले होते. भिंतीपलीकडून तो मऊ, गुळगुळीत आवाज तिच्या कानात तेलासारखा ओघळत राहिला, आणि पोटात काही उरलं नव्हतं तरी तिला पुन्हा उमासा आला.

पुढचा आठवडा तर विचारू नका. उघड वाईट कुणीच बोललं नाही, तसं असतं तर परवडलं असतं. सगळे गोड वागले. जेवणाच्या रांगेत लोक तिला पुढं घालायला लागले. "सिस्टर, आम्ही प्रार्थना करतोय हं तुमच्यासाठी," म्हणताना मान तिरकी, आवाज ओला, आणि डोळ्यांत मात्र आणखी काहीतरी ऐकायला मिळावं अशी चमक. ग्रंथपाल कधी पुस्तकाच्या मुदतीखेरीज बोलत नसे, त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. त्याचे तळवे घामट होते. तिनं हात सोडवून घेतला, आणि नळाखाली साबण लावून दोनदा धुतला.

मंगळवारी जेवणघराबाहेरच्या फळ्यावर, जिथं प्रार्थनेच्या विषयांच्या चिठ्ठ्या लावत, तिथं सुबक अक्षरातली चिठ्ठी होती: 'आईच्या मृत्यूचं ओझं वाहणाऱ्या एका भगिनीसाठी.' तिच्या वर 'पाण्याची मोटर दुरुस्त व्हावी म्हणून', खाली 'परीक्षेच्या यशासाठी'. मोटर आणि परीक्षा यांच्या मधे तिची आई टाचणीनं टोचून लावलेली. सिस्टरनं ती चिठ्ठी काढली. कुणी लिहिली ते शोधलं नाही. अक्षर ओळखीचं निघालं असतं तर काय करायचं, असं तिला झालं.

त्याच दिवशी दुपारी दादाचा फोन आला.

"चिमे," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला याच नावानं हाक मारायचा. "तुझ्या वहिनीला कुणीतरी एक प्रवचन पाठवलंय. आम्ही दोघांनी ऐकलं. आई तशी गेली?"

"नाही दादा. तशी नाही गेली."

"मग हा माणूस खोटं बोलतोय?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण सिस्टर भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. तांब्या, दार, अर्धा मिनिट, यंत्र, नंतरचे दोन महिने. सांगताना तिच्या लक्षात आलं, की खरी गोष्ट आता फिकी वाटतेय. लोणीसरांच्या गोष्टीपुढं तिचीच गोष्ट सारवासारव केल्यासारखी ऐकू येत होती.

"बरं," दादा म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

सिस्टर तशीच लोणीसरांच्या खोलीवर गेली. ते काहीतरी तपासत बसले होते. तिला पाहून चेहऱ्यावर लगेच हसू आलं.

"या, या सिस्टर. मी तुम्हाला बोलावणारच होतो. त्या संदेशानं किती लोकांना स्पर्श झालाय, कल्पना नाही तुम्हाला. एका गृहस्थांनी तर वीस वर्षांनी आईला फोन केला."

"सर, ते मी गटात बोलले होते."

"हो, पण मी नाव घेतलं का?" त्यांनी हात पसरले. "कुठंही नाव घेतलं नाही. मुद्दाम काळजी घेतली."

"आणि आई त्या दिवशी गेली नव्हती."

"काय?"

"आई गेली नव्हती. मी कफ काढला. ती जगली. तुम्ही तिला मारलंत."

लोणीसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सिस्टर, दृष्टांताला टोक लागतं. बोथट गोष्ट काळजात शिरत नाही. पुढच्या सत्रात तुम्हालाही शिकवणारच आहे मी हे. शेवटी वापर कशासाठी झाला ते बघा ना. देवाच्या गौरवासाठी झाला."

"माझ्या दादानं ऐकलं ते."

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि परत ठेवला. सिस्टरला वाटलं, आता लागलं, आता हा माणूस माणसासारखं काहीतरी बोलेल. लोणीसरांनी डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि तिच्या खांद्याच्या दिशेनं हात पुढं केला.

"आपण यासाठी प्रार्थना करू या का?"

सिस्टर एक पाऊल मागं सरली. "नको सर. गँगरीनचे पाय धुतलेत मी, कधी नाक मुरडलं नाही. पण आत्ता तुम्ही डोळे मिटलेत ना, ते मला बघवेना."

आणि ती बाहेर पडली.

दादाचा फोन शनिवारी आला. आवाज बसलेला होता. "चिमे, चार दिवस तुझ्यावर चिडायचा प्रयत्न करतोय," तो म्हणाला. "जमत नाही. तू दारात तरी होतीस. मी त्या तीन वर्षांत पाच वेळा आलो. मोजून पाच. आणि पाचही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊन." मग तो लहान मुलासारखा रडला, आणि सिस्टर फोन कानाला लावून जिन्याच्या पायरीवर बसली. दोघं आईबद्दल तासभर बोलले. इतकं तर आईला माती दिली त्या दिवशीही बोलले नसतील.

त्यानंतर सिस्टर निवली असेल असं वाटेल कुणाला. तसं झालं नाही. दादाच्या रडण्यानं तिचा राग उलट पेटला. जे तिनं आपल्या तोंडानं, आपल्या वेळेला दादाला सांगायला हवं होतं, ते त्याला परक्याच्या तोंडून, मीठमसाला लावून मिळालं होतं.

आणि संधीही चालून आली. सत्राच्या शेवटी प्रत्येकाला वर्गापुढं एक प्रवचन करायचं असे. उतारा हिब्रूच्या बाई चिठ्ठ्या टाकून ठरवत, परीक्षक त्या आणि लोणीसर. सिस्टरच्या वाट्याला जलप्रलयानंतरचा नोहा आला. म्हातारा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडाबंब पडतो. एक मुलगा ते पाहतो आणि बाहेर जाऊन भावांना सांगतो. दुसरे दोघं खांद्यावर वस्त्र घेतात, उलट्या पावलांनी आत जातात आणि तोंड फिरवून बापाला झाकतात.

सिस्टर लिहायला बसली आणि पेन झरझर चालायला लागलं. पाप सांगण्याची हौस, दुसऱ्याच्या उघडेपणावर पोट भरणारे लोक. मग तिनं लिहिलं, 'एक गुरू होते. दुसऱ्यांच्या लेकींना क्षमा शिकवायचे. पण त्यांची स्वतःची लेक...' परत आलेली पत्रं लिहिली. टेबलाचा खण लिहिला. लिहिता लिहिता असंही लिहिलं, की बाप दारात गेला तेव्हा मुलीनं तोंडावर दार आपटलं. वाक्य झकास उतरलं होतं. तिनं ते मोठ्यानं वाचून पाहिलं, आणि दार आपटण्याआधी जरा थांबून पाहिलं.

पलंगावर बसून स्वरलिपी चाळणारी पियानोवाली मान वर करून म्हणाली, "सिस्टर, दार आपटल्याचं सर कधी म्हणाले होते?"

सिस्टरनं कागदाकडं पाहिलं. म्हणाले नव्हतेच. दार तिनं पदरचं घातलं होतं. गोष्टीला टोक यावं म्हणून.

तिला पुन्हा तेच झालं, नळापाशी झालं होतं ते. या वेळी मात्र वास स्वतःच्याच हाताला येत होता. ती कुठली कोण पोरगी, न पाहिलेली, बापाशी न बोलायला तिची काही कारणं असतील. तिला उचलून हिनं व्यासपीठावर उभं केलं होतं, आणि वर मजाही आली होती. खरंच मजा आली होती, हेच तिला सहन होईना. तिनं तो कागद फाडला, बारीक बारीक तुकडे केले.

"मी बोलायला नको होतं का?" पियानोवालीनं घाबरून विचारलं.

"बोललीस ते बरं केलंस, बाई," सिस्टर म्हणाली. "मी त्याच शाळेत पास व्हायला निघाले होते."

प्रवचनाच्या दिवशी ती नोहाबद्दल बोलली आणि रोग्याला पलंगावर अंघोळ कशी घालतात त्याबद्दल बोलली. एक हात उघडायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. अख्खं माणूस एका वेळी कधीच उघडं करायचं नाही. नवी पोरगी हे शिकताना चुकते, कारण तिचं लक्ष कामावर असतं, माणसावर नसतं. उलट्या पावलांनी चालणं अवघड आहे, ती म्हणाली. ठेच लागते, वेळ लागतो. आणि नोहा प्यायला होता ते काही त्या वस्त्रानं खोटं ठरलं नाही. शुद्धीवर आल्यावर त्याचं त्यानं निस्तरावं. पण बाहेर धावत जाऊन सांगणाऱ्याला ना बापाची काळजी होती, ना पापाची. त्याला फक्त एक बातमी सापडली होती.

हिब्रूच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. सिस्टर लोणीसरांकडं न बघता जागेवर येऊन बसली.

"छान," लोणीसर म्हणाले. आवाज तसाच, मोरपिशी. "मांडणी उत्तम. फक्त एक सुचवतो, शेवटी एखादी वैयक्तिक साक्ष हवी होती, स्वतःच्या आयुष्यातला एखादा अनुभव. त्यानं काळजाला भिडलं असतं."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग आणलं. हिब्रूच्या बाईंना ना हसू आलं ना खोकला. "डीनसाहेब," त्या म्हणाल्या, "तास संपला की प्राचार्यांकडं जाऊ आपण. दोघंही."

तिथं काय झालं ते सिस्टरला कधी नीट कळलं नाही. लोणीसरांच्या त्या रविवारच्या प्रवचनाचं चित्रीकरण चॅनेलवरून निघालं. सूचनेत कारण तांत्रिक अडचण असं होतं. ते वाचून तिला हसावं की थुंकावं कळेना. माफी कुणी मागितली नाही. लोणीसर जिन्यावर भेटले की मान तुकवून "प्रभू तुम्हाला शांती देवो" म्हणत, आणि ती "नमस्कार सर" म्हणून भिंतीच्या कडेनं उतरायची. तिनं गट बदलून मागितला, मिळाला. हिब्रूच्या बाईंनी विचारलं, "शिक्षण सोडायचं मनात नाही ना?" सिस्टर म्हणाली, "वॉर्डात घाण होती म्हणून वॉर्ड सोडला नव्हता, बाई."

नव्या वर्षी नवे विद्यार्थी आले. पहिल्या दिवशी लोणीसरांनी गटांची माहिती दिली, बायबलवर तळहात ठेवून तेच सांगितलं, इथं बोललेलं इथंच राहतं. नव्या मुलांचे चेहरे विरघळताना सिस्टरनं पाहिले. मग भांड्यांच्या पाळ्या सांगायला तिची वेळ आली. पाळ्या सांगून झाल्यावर ती बसली नाही.

"आणखी एक," ती म्हणाली. "गटात जे सांगाल, ते उद्या व्यासपीठावरून ऐकायला चालणार असेल तेवढंच सांगा."

लोणीसर हसत राहिले, पण हसू तोंडावर वाळत गेलं. प्राचार्यांनी घाईघाईनं घड्याळ बघून सगळ्यांना चहाला सोडलं.

दुपारी भांडी घासायला सिस्टरबरोबर एक नवीन मुलगी होती. कढई घासता घासता तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, सकाळी कुणाबद्दल बोललात तुम्ही?"

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर सिस्टरनं ओठ शिवून घेतले असते. पण ही तिची स्वतःची होती, आणि एका तरी माणसाला ती मापात ऐकवायची होती.

"माझ्याबद्दल," ती म्हणाली. "ती परात इकडं दे, आणि ऐक. माझी आई तीन वर्षं अंथरुणावर होती. एका दुपारी तिच्या घशात कफ अडकला, आणि मी अर्धा मिनिट दारात थांबले. त्यानंतर ती दोन महिने जगली."